आवाज तोच, साथ नवी

मननासाठी वाचा: लूक ५:१२-१३, १ करिंथ १५:३५-४४



मराठीत ‘साथ’ हा शब्द आपण तीन अर्थांनी वापरतो. सुखदुःखात कोणी बरोबर राहिले की ती साथ. गाणाऱ्याच्या मागे पेटी-तबला वाजतो, तीही साथ. आणि गावात पटकी किंवा प्लेग पसरला की जुनी माणसे म्हणत, साथ आली. आज ज्या गाण्यांच्या निमित्ताने लिहितो आहोत, त्यांच्यात हे तिन्ही अर्थ एकत्र आले आहेत. म्हणून हा शब्द सुरुवातीलाच तुमच्यापुढे ठेवतो.

निमित्त साधे होते. आमच्या धर्मशिक्षण वर्गातून दृढीकरण घेतलेला एक मुलगा आता ध्वनिमुद्रणाचे काम शिकतो. अफझलगंज भागातल्या आम्हा मराठी कुटुंबांची घरगुती प्रार्थनासभा झाली, चहा फिरू लागला, तेव्हा त्याने मोबाइलला छोटा स्पीकर जोडून एकच इंग्रजी गाणे दोनदा ऐकवले. एक मुद्रण १९८८ सालचे, दुसरे २०१२ सालचे. गाणारा पुरुष आणि गाणारी बाई दोन्हीकडे त्याच. “फरक सांगा,” तो म्हणाला. तरुण मंडळी ‘बास’ आणि ‘ट्रेबल’वर बोलू लागली. इंग्रजीचा गंध नसलेल्या एक आजी कोपऱ्यातून म्हणाल्या, “आवाज तोच आहे रे. पण आता मागं माणसं आली.”

आजींनी नेमके तेच ओळखले होते. तो गायक म्हणजे फ्रेडी मर्क्युरी. आपल्यापैकी अनेकांनी त्याचे नाव ‘क्वीन’ या इंग्लिश बँडमुळे ऐकले असेल. तो आपल्या महाराष्ट्रात वाढला, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

त्याचे घरचे नाव फारुख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार बेटावर. आईवडील गुजरातकडचे पारशी. मुलगा आठ वर्षांचा झाला तेव्हा त्यांनी त्याला समुद्रापलीकडे शिकायला पाठवले, ते साताऱ्याच्या डोंगरातल्या पाचगणीला, सेंट पीटर्स या इंग्रजी वसतिगृहाच्या शाळेत. तिथे तो पियानो शिकला. तिथेच बारा-तेराव्या वर्षी मित्रांबरोबर ‘हेक्टिक्स’ नावाचा छोटा बँड काढला आणि फारुखचा ‘फ्रेडी’ झाला. सुट्टीत मुंबईला मावशीकडे जायचे, आईवडील मात्र साता समुद्रापार. वसतिगृहात मूल ठेवलेल्या कोणत्याही घराला हे वेगळे सांगायला नको. १९६३ साली तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली आणि कुटुंबाला जीव मुठीत धरून इंग्लंडला जावे लागले.

१९७० साली ‘क्वीन’ सुरू झाला. हा मुलगा गाणी स्वतः लिही, स्वतः चाल लावी आणि स्वतः गाई. १९७३ सालच्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये त्याने लिहिलेले एक गाणे चक्क ‘जीझस’ या नावाचे आहे. त्यावरून तो आपला झाला असा दावा आम्ही करत नाही. तो पारशी कुळात जन्मला आणि त्याचे अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनीच केले. माणूस आवडला म्हणून त्याला आपल्या नोंदवहीत ओढू नये. पण पाचगणीच्या त्या शाळेला अँग्लिकन ख्रिस्ती परंपरा होती. तिथल्या मुलाच्या कानावर प्रभूच्या चमत्कारांच्या कथा पडल्या असतील, यात नवल नाही.

बँडबाहेर, एकट्याच्या नावावर त्याने थोडेच काम केले. ‘मिस्टर बॅड गाय’ हा अल्बम एप्रिल १९८५ मध्ये निघाला, जर्मनीतल्या म्युनिक शहरात मुद्रित केलेला. ब्रिटनच्या यादीत तो सहाव्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत फारसा खपला नाही. त्यात एकट्याने जगण्याविषयीचे एक गाणे आहे, ‘लिव्हिंग ऑन माय ओन’. १९८५ मध्ये हे गाणे ब्रिटनच्या यादीत पन्नासाव्या क्रमांकावरच थांबले. १९९३ साली दुसऱ्या लोकांनी त्याला नाचाचा ठेका लावून ते पुन्हा काढले आणि ते पहिल्या क्रमांकावर गेले. गाणारा तेव्हा या जगात नव्हता. एकटेपणाच्या गाण्यावर हजारो माणसे नाचली, आणि ते ज्याचे एकटेपण होते तो माणूस त्या गर्दीत नव्हता. या एका गोष्टीवर आम्ही बराच वेळ थांबलो होतो. तुम्हीही थांबा.

दुसरा अल्बम ‘बार्सेलोना’, ऑक्टोबर १९८८ चा. स्पेनची थोर ऑपेरा गायिका मॉन्सेरात काबाये हिच्याबरोबर त्याने तो केला. ऑपेराचा आवाज म्हटला की मागे पूर्ण वाद्यवृंद हवा: व्हायोलिनच्या रांगा, बासऱ्या, तुताऱ्या, नगारे. पण १९८८ च्या त्या मुद्रणात साथ बहुतेक सगळी कीबोर्डवर आणि सिंथेसायझरवर आहे, म्हणजे व्हायोलिनचा भास निर्माण करणाऱ्या यंत्रावर. माइक मोरन या जाणत्या संगीतकाराने ती केली आणि प्रेमाने केली. बाईंना सवड थोडी, म्हणून फ्रेडी त्यांच्या ओळी स्वतःच उंच कृत्रिम स्वरात गाऊन टेप पाठवी आणि त्या ऐकून त्या आपला भाग बसवत. ते काम चालू असताना त्याच्या शरीरात एड्सचा विषाणू होता. १९८७ च्या सुमारास त्याचे निदान झाले होते, आणि ही गोष्ट त्याने फार थोड्या लोकांना सांगितली होती.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपला आजार जगाला जाहीर केला. दुसऱ्या दिवशी, २४ नोव्हेंबरला, लंडनच्या घरी तो वारला. वय ४५. तो दिवस रविवार होता. आपल्या उपासना-दिनदर्शिकेत तो ख्रिस्तराजाचा सण, आगमनकाळाच्या आधीचा शेवटचा रविवार. पुढचा रविवार १ डिसेंबरचा, म्हणजे आगमनकाळाचा पहिला रविवार आणि जागतिक एड्स दिनही. हा दिन पाळायला १९८८ साली सुरुवात झाली होती, ‘बार्सेलोना’ निघाला त्याच वर्षी.

आता आजींच्या वाक्याकडे येऊ. २०१२ साली ‘बार्सेलोना’ नव्याने काढायचा ठरला. स्टुअर्ट मॉर्ली या संगीतकाराने सगळ्या वाद्यवृंदाची स्वरलिपी नव्याने लिहिली आणि प्राग शहरातल्या वादकांनी ती वाजवली. जुन्या टेपवर प्रत्येक आवाज वेगळ्या पट्टीत साठवलेला असतो, गळा वेगळा आणि वाद्ये वेगळी. त्यामुळे यंत्राचे भासमान व्हायोलिन काढून तिथे खरे व्हायोलिन बसवता आले. दोघांचे गळे मात्र १९८७-८८ चेच राहिले. ‘मिस्टर बॅड गाय’चेही पुढे तसेच झाले. २०१९ साली, क्वीनच्या ध्वनिमुद्रणाची वर्षानुवर्षे काळजी घेणाऱ्या जस्टिन शर्ली-स्मिथ आणि जोशुआ मॅक्रे यांनी मूळ टेपांकडे परत जाऊन त्याचे मिश्रण पहिल्यापासून केले आणि तो अल्बम ‘नेव्हर बोअरिंग’ या संचात आला. कंपन्या असे संच विकण्यासाठीच काढतात, हे आम्हाला कळते. तरी काम करणाऱ्यांच्या हातांत जो आदर दिसतो, तो पैशाने येत नाही.

आमच्या त्या मुलाने एक गोष्ट समजावून सांगितली, ती आम्ही मनात ठेवली आहे. मेलेल्या माणसाच्या आवाजाला साथ करताना वादकांना आपली मर्जी चालवता येत नाही. त्याने जिथे श्वास घेतला तिथे थांबावे लागते. तो जिथे रेंगाळला तिथे रेंगाळावे लागते. त्याचा सूर, त्याची लय पक्की असते, जुळवून घ्यायचे ते साथीदारांनी. आपल्याकडे भजनाला बसणारा पेटीवालाही गायकाला पहिला प्रश्न हाच विचारतो: सूर कुठला धरू?

आणि जिवंत माणसाच्या बाबतीत आपण काय करतो? त्याने आपल्या सुरात यावे अशी अट घालतो. तू असा राहा, तसा वाग, आमच्यासारखा बोल, मग बस आमच्या बाकावर. मेल्यावर त्याच्या सुरात वाजवायला आपण तयार असतो, जिवंतपणी नाही. नवीन निघालेल्या त्या जुन्या गाण्यांतून आमच्या मनाला लागलेली गोष्ट ही.

आपल्या मराठी मंडळीच्या घरातच याचे एक सुंदर उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली प्रभूकडे गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेऊन पुरे केले. ग्रंथ १९३८ साली छापून निघाला तेव्हा लक्ष्मीबाईही हयात नव्हत्या. पण ही साथ टिळकांच्या मृत्यूनंतर सुरू झाली नव्हती. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा सूर बाईंना सहन होण्यासारखा नव्हता. ताटातूट झाली, माहेरच्यांची समजूत, लोकांची बोलणी, सगळे सोसून झाले. तरी त्या परत नवऱ्याजवळ गेल्या, आपल्या अटी-सोवळ्यासकट गेल्या, आणि हळूहळू, आपल्या वेळेने, १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कोणालाही ठाऊक आहे की हे एका दिवसात घडले नाही. जिवंतपणी वर्षानुवर्षे साथ केली होती, म्हणूनच मृत्यूनंतरही त्या माणसाचा सूर त्यांना धरता आला.

आता साथीच्या तिसऱ्या अर्थाकडे. पाचगणीत बेल-एअर नावाचे रुग्णालय आहे. डॉक्टर बिलिमोरिया या पारशी वैद्याने क्षयरोग्यांसाठी ते सुरू केले. त्या काळी क्षय झालेल्या माणसापासून घरचेही दूर राहत. पुढे ते भारतीय रेडक्रॉसकडे आले, आणि एचआयव्हीची साथ पसरली तेव्हा एका कॅथलिक धर्मगुरूच्या देखरेखीखाली तिथे एचआयव्हीबाधितांची सेवा सुरू झाली. ज्या गावात तो पारशी मुलगा पियानो शिकला, त्याच गावात, तो ज्या आजाराने गेला त्या आजाराच्या माणसांसाठी खाटा मांडल्या गेल्या. एका पारशाने बांधलेल्या भिंती आणि ख्रिस्ती माणसांचे हात. आम्हाला यात देवाची हळुवार योजना दिसते. तुम्हाला योगायोग वाटला तरी हरकत नाही, सेवा झाली हे महत्त्वाचे.

औषधाचेही दोन शब्द सांगायला हवेत, कारण आपल्या लोकांत अजून जुनी भीती आहे. एकत्र तीन औषधांचा परिणामकारक उपचार १९९६ च्या सुमारास हाती आला, फ्रेडी गेल्यावर पाच वर्षांनी. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून हे औषध मोफत मिळू लागले. सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता आणि तेव्हाचे आंध्र प्रदेश, म्हणजे आपले हैदराबादही. रोज नेमाने गोळ्या घेणारा माणूस आज पुष्कळ वर्षे जगतो, काम करतो, मुले वाढवतो. एका बाकावर बसून, एका ताटात जेवून, हात हातात घेऊन हा आजार लागत नाही. बाधित माणसाला भेदभावाने वागवू नये आणि त्याच्या संमतीशिवाय त्याची गोष्ट चार लोकांत सांगू नये, असा २०१७ सालचा कायदाच आहे.

तरीही जागा रिकाम्या होतात. आमच्या सभेला एक ताई येतात. ओळख पटेल असे काही लिहीत नाही, आणि हे त्यांना वाचून दाखवून, त्यांच्या होकारानेच लिहितो आहोत. नवरा लांब पल्ल्याच्या गाडीवर होता, तो गेला. ताई औषधावर आहेत आणि बाजारात माल निवडायचे काम करतात. पूर्वी त्या दुसरीकडे उपासनेला जात. तिथे बातमी फुटली आणि बाकावर त्यांच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहू लागली. कोणी वाईट बोलले नाही. फक्त सरकून बसले. ताई म्हणतात, “शिवी दिली असती तर भांडले असते दादा. सरकलेल्या माणसाशी कसं भांडायचं?”

आमच्याकडे आल्या तेव्हा त्या दाराजवळ बसत आणि ओठ हलवत, आवाज काढत नसत. आमचे पेटीवाले काका वयाने सत्तरीपुढचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. एका सभेत ते आपली पेटी उचलून दाराजवळ गेले, ताईंच्या शेजारी मांडी घालून बसले आणि म्हणाले, “बाई, सूर कुठला धरू?” ताई गप्प. काकांनी काळी चार दाबून पाहिली, मग अर्धा सूर खाली, मग आणखी खाली, आणि वाट पाहत भाता हलवत राहिले. बराच वेळ नुसता सूर घुमत होता. मग ताई गायल्या. आवाज थोडा फाटका, पण सच्चा. आम्ही सगळ्यांनी ध्रुपद मागून घेतले. आजही त्यांचा आजार आहे तिथेच आहे. पण दाराजवळची ती जागा आता सभेच्या मधोमध आली आहे, कारण पेटी तिथे असते.

लूककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातला कुष्ठरोगी आठवा. प्रभू नुसत्या शब्दानेही त्याला बरे करू शकला असता. दुरून आज्ञा देऊन त्याने इतरांना बरे केलेच होते. पण इथे त्याने आधी हात पुढे केला आणि त्या माणसाला स्पर्श केला. रोग त्या क्षणी अंगावर होताच. कातडी शुद्ध झाली ती त्यानंतर. आधी साथ, मग आरोग्य. आपण हा क्रम उलटा करतो: आधी बरा हो, आधी सुधार, मग जवळ ये. देहधारणाचे रहस्य आम्ही मुलांना शिकवतो तेव्हा आता हेच सांगतो, की देवाने आपल्याला वरून सूर दिला नाही. तो खाली आला, आपल्या शेजारी बसला आणि आपला फाटका सूर त्याने धरला.

वर्गातल्या एका मुलीने सरळ विचारले, “तो फ्रेडी स्वर्गात असेल का?” त्याच्या जगण्याविषयी तिने इंटरनेटवर पुष्कळ वाचले होते. आम्ही सांगितले, न्यायासन आपल्याला दिलेले नाही, ते ज्याचे आहे तो दयाळू आहे. आपल्याला दिली आहे ती प्रार्थना, आणि नोव्हेंबर महिना मृतांसाठी प्रार्थना करण्याचाच असतो. तिचे समाधान झाले की नाही, ठाऊक नाही. पण त्या संध्याकाळी मृतांची नावे वाचताना तिने फारुख हे नाव आपणहून घेतले.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. जुनी गाणी नव्याने काढणे म्हणजे पुनरुत्थान नव्हे. प्रागचे वादक कितीही थोर असोत, त्या गळ्यातून एकही नवी ओळ ते काढू शकले नाहीत. जे १९८८ पर्यंत गायले गेले तेवढेच त्यांच्या हाती होते. पौल करिंथकरांना सांगतो ते याहून फार मोठे आहे. तो बी पेरण्याचा दाखला देतो: जमिनीत जाते ते दुबळे, नाशवंत, आणि उठते ते सामर्थ्याचे, अविनाशी. तरी उठणारा माणूस तोच असतो, त्याच्या जागी दुसरा कोणी येत नाही. आपल्या प्रियजनांना प्रभू त्यांच्याच नावाने हाक मारील आणि ते पुन्हा गातील, या वेळी नव्या ओळी. ती साथ फक्त तोच देऊ शकतो. पण त्या दिवसापर्यंतची साथ त्याने आपल्या हाती सोपवली आहे.

म्हणून या आगमनकाळात एवढेच करा. आपल्या मंडळीत दाराजवळ कोण बसते ते पाहा. आजारी, विधवा, कर्जात बुडालेला, तुरुंगातून आलेला, लग्न मोडलेली मुलगी, ज्याच्याविषयी लोक कुजबुजतात तो. उपदेश करू नका, चौकशा करू नका. शेजारी जाऊन बसा आणि त्यांचा सूर कुठला आहे ते ऐका. थांबावे लागले तर थांबा.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू आमच्या दुबळ्या सुराला साथ दिलीस. जे एकटे गात आहेत आणि ज्यांनी गाणे सोडून दिले आहे, त्यांच्या शेजारी आम्हाला बसव. त्यांचा आवाज थांबण्याआधी आम्हाला तो ऐकू येऊ दे. जे आजाराने तुझ्याकडे आले त्यांना तुझ्या दयेत ठेव. जे औषधावर जगत आहेत त्यांना बळ दे, आणि त्यांची सेवा करणाऱ्या हातांना आशीर्वाद दे. आमेन.